मावा कुणाच्या सांगण्यावरून उठतो? दोन पानांची चाचणी कशी लावायची

मावा म्हणजे पानांचा रस पिणारा आणि झाडांचे विषाणू वाहणारा बारीक किडा. लोक तो मारतात. मी ३१ वर्षं तो पाळला. वनस्पती-विषाणूंच्या प्रयोगशाळेत कीटकांची खोली माझ्याकडे होती. रोज सकाळी जाळीचे पिंजरे उघडायचे, सुकलेली रोपं काढून नवी ठेवायची, बारीक ब्रशचं टोक ओलं करून एकेक मावा उचलायचा, आणि संध्याकाळी घरी जाताना केसांत कुणी राहिलं नाही ना हे आरशात बघायचं.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक घोळ झाला. काकडीचं एक विषाणू लागलेलं रोगट पान आणि एक निरोगी पान, मधे तीस मावा, असं एका संशोधक मुलीने लावून दिलं होतं. मी तासाभराने मोजलं: रोगटावर जास्त. वहीत लिहिलं, कुलूप लावलं, घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उचललं तर सगळी गर्दी निरोगी पानावर! मला वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आपण. घाबरून आदल्या दिवशीचा आकडा खोडला आणि सकाळचा ठेवला. ती मुलगी आली, वही बघितली आणि म्हणाली, "ताई, खोडलंत तेच तर शोधत होते मी." दोन्ही आकडे खरे होते. मावा आधी रोगट पानाकडे गेला आणि मग तिथून उठला. एकदाच मोजणाऱ्याला यातलं अर्धंच दिसतं.

रोगट पान माव्याला कधी बोलावतं आणि कधी उठवतं, हे बघायची ही चाचणी तुम्हालाही लावता येते. साधं भिंग, जाळी, ब्रश, घड्याळ आणि चिकाटी एवढं पुरतं. पण आधी विषाणूची गरज समजून घ्या, नाहीतर नुसते ठिपके मोजत बसाल.

विषाणूला पाय नाहीत आणि झाड जागचं हलत नाही. म्हणून या झाडावरून त्या झाडावर जायला बहुतेक विषाणूंना कुणीतरी वाहक लागतो: मावा, पांढरी माशी, फुलकिडे, तुडतुडे. (तंबाखूच्या मोझॅकसारखे काही नुसत्या हातालाही लागून जातात. आमच्या खोलीत तंबाखू खाणाऱ्याला दाराबाहेरच थांबवायचे ते याचसाठी.) वाहकावर बसायच्या मुख्य तऱ्हा दोन. १९३९ साली वॉटसन आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी त्यांना नॉन-पर्सिस्टंट आणि पर्सिस्टंट अशी नावं दिली. आम्ही मात्र आपसात 'टोकावरचे' आणि 'पोटातले' म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

टोकावरचा विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाशी चिकटतो. काकडीचा मोझॅक, म्हणजे सीएमव्ही, यातलाच. मावा कुठल्याही झाडावर उतरला की आधी चव बघतो: वरच्या पेशींत सोंड टोचतो, काही सेकंदांत काढतो. विषाणू एवढ्यात चढतो आणि पुढच्या झाडावर अशाच टोचण्यात उतरतो. मावा तिथेच ठाण मांडून खोलवरचा रस ओढत बसला तर टोकावरचा माल वाया गेला. म्हणजे अशा विषाणूच्या सोयीचं काय? मावा यावा, चाखावा, तोंड वाकडं करावं आणि चालू पडावं.

पोटातल्याचं उलट. गव्हा-बार्लीचा यलो ड्वार्फ किंवा बटाट्याचा लीफ रोल हे विषाणू झाडाच्या रसवाहिन्यांतच असतात. माव्याला तिथवर सोंड न्यायलाच वेळ लागतो, मग बराच वेळ रस प्यावा लागतो. विषाणू आतड्यातून शरीरात, शरीरातून लाळग्रंथींत जातो, आणि एकदा पोचला की बहुधा मावा जिवंत असेपर्यंत साथ सोडत नाही. अशा विषाणूला मावा बसायला हवा, नीट पोसायला हवा, आणि भरल्यावर निरोगी झाडाकडे जायला हवा.

तेव्हा चाचणी लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा: आपला विषाणू टोकावरचा की पोटातला, आणि मावा कधी कुठे असेल असं आपल्याला वाटतं. आकडे आल्यावर अंदाज लिहिणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांचे अंदाज नेहमी बरोबर येतात.

शिकाऊ माणसाने सीएमव्ही, काकडी किंवा भोपळावर्गीय रोप आणि काकडीवरचा मावा ही जोडी घ्यावी. परिणाम चोवीस तासांत दिसतो. फक्त नुसतं पान बघून 'हा सीएमव्हीच' असं म्हणू नका. हिरवे-पिवळे चट्टे पाच-सहा वेगळे विषाणू हुबेहूब सारखे काढतात, आणि अन्नद्रव्य कमी पडलं तरी पान फसवतं. एलायझा (विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी) किंवा तयार तपासपट्टीने खात्री करून घ्या. आणि जो विषाणू तुमच्या परिसरात आधीपासून नाही तो बाहेरून आणायचा नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

रोपं अशी तयार करा. बियांपासून एकाच दिवशी वीस-पंचवीस रोपं उगवा, किडीला शिरता येणार नाही अशा जाळीत. बीजदलं पसरली की निम्म्या रोपांना लागण करायची: रोगट कोवळं पान खलात घ्या, पानाच्या वजनाच्या दहापट फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) थंड करून घाला आणि वाटा, बीजदलांवर कार्बोरंडमची खरखरीत पूड भुरभुरवा आणि बोटाने हलकेच रस चोळा. हलकेच म्हणजे मिटलेल्या पापणीवर बोट फिरवाल तसं. लगेच पाण्याने धुवा. आठवड्या-दोन आठवड्यांत नव्या पानांवर चट्टे येतात.

उरलेल्या निम्म्या रोपांनाही चोळायचं! नुसता बफर आणि पूड. नव्वद टक्के लोक हे विसरतात. चोळल्याने पानाला जखमा होतात, जखमी पान वेगळा वास सोडतं, आणि मग तुम्ही विषाणूचा परिणाम मोजताय की कार्बोरंडमचा, हे देवालाही सांगता येणार नाही.

मावा पाळणं रोपांपेक्षा सोपं आहे आणि जास्त वैतागाचं. एका बिनपंखी मादीपासून सुरुवात करा. नराची गरज नाही, ती थेट जिवंत पिल्लं घालते. तिला निरोगी पानावर ठेवा, रात्रभरात झालेली पिल्लं नव्या रोपावर न्या आणि आईला काढून टाका. सीएमव्ही आईकडून पिल्लांत जात नाही, त्यामुळे ही वस्ती स्वच्छ सुरू होते. पंचवीस अंशांच्या आसपास ऊब आणि रोज सोळा तास उजेड ठेवला तर आठवड्याभरात ती पिल्लं स्वतः आया होतात. गर्दी झाली की पंखवाले निघू लागतात. चाचणीला पंखवाले घ्या की बिनपंखी, पण एका फेरीत मिसळू नका, कारण दोघांचा स्वभाव वेगळा.

मावा उचलताना त्याची सोंड पानात रुतलेली असू शकते. ओढलात तर ती तुटते आणि मावा दिसायला धडधाकट पण चाचणीला निकामी होतो. ब्रशने पाठीवर आधी हळूच गुदगुल्या करायच्या, तो सोंड काढून चालू लागला की उचलायचा. हे शिकायला मला दोन महिने लागले. ब्रश दोन ठेवा. रोगटाच्या ब्रशला मी लाल दोरा बांधायची.

पहिली चाचणी वासाची. एक रोगट आणि एक निरोगी रोप शेजारी ठेवा, दोघांचं सारख्याच वयाचं एकेक पान जवळजवळ आणा. पान तोडायचं नाही! तुटल्या पानाचा हिरवा दर्प बाकी सगळे वास झाकतो. दोन्ही पानांवर मिळून एक बारीक जाळी ताणा, पानाला चिकटणार नाही पण वास वर येईल अशी. वर पारदर्शक झाकण, मधोमध तीस मावा, आणि खोलीत अंधार. अंधार अशासाठी की माव्याला पिवळा रंग फार खुणावतो आणि रोगट पान पिवळटच असतं. उजेडात केलीत तर नाक तपासायचं सोडून डोळे तपासाल. मोजायला मंद लाल दिवा चालतो, लाल रंग त्यांना जवळपास दिसतच नाही. दहा-दहा मिनिटांनी तासभर मोजा: किती या पानाच्या वर, किती त्या पानाच्या वर, किती मधेच घोटाळताहेत. मधल्यांना वहीतून गाळू नका.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत केरी मॉक, कॉन्सुएलो डी मोराएस आणि मार्क मेशर यांनी २०१० साली सीएमव्ही आणि स्क्वॅश, म्हणजे भोपळ्याचा भाऊ, यांवर जे दाखवलं ते मला अजून गमतीचं वाटतं. रोगट झाड काही नवा, आजारी वास सोडत नव्हतं. वास निरोगी झाडाचाच, फक्त जास्त. बाहेरून हाक मोठी, आणि आत गेल्यावर पान बेचव. मावा यायचा, पण वाढ नीट होत नव्हती, आणि तो लवकर निघूनही जायचा. हलवायाच्या दुकानाबाहेर तुपाचा घमघमाट आणि आत शिळी बुंदी, तसंच काहीसं.

दुसरी चाचणी म्हणजे माझा तो जुना घोळ. आता जाळी काढा, माव्याला पानावर जाऊ द्या, आणि अर्धा तास, एक तास, चार तास, चोवीस तास असं चार वेळा मोजा. सीएमव्ही असेल तर सुरुवातीचं पारडं रोगटाकडे आणि शेवटचं निरोगीकडे झुकण्याची अपेक्षा ठेवा. झुकलं नाही तरी लिहा. विषाणूचा वाण बदलला, झाडाची जात बदलली, की उत्तर बदलतं. एकाच विषाणूवर एकमेकांशी न जुळणारे निकाल मी माझ्याच खोलीत पाहिलेत.

तिसरी चाचणी कंटाळवाणी, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची: उठून जाण्याची. सगळे मावा रोगट पानावर सोडायचे, निरोगी पान टेकवून ठेवायचं, आणि किती जण कधी पलीकडे गेले ते नोंदवायचं. शेजारी दुसरा संच लावायचा, त्यात सुरुवात निरोगी पानावरून आणि पलीकडचं पानही निरोगी. हा दुसरा संच नसेल तर मावा विषाणूमुळे उठला की नुसत्या चुळबुळीने, ते कळत नाही. पसंतीच्या चाचण्या सगळे करतात कारण त्यांचे तक्ते छान दिसतात. रोग पसरतो तो मात्र मावा उठून गेल्यामुळे.

पसरतो की नाही, तेही बघता येतं. स्वच्छ मावा दोन तास उपाशी ठेवा, मग रोगट पानावर सोडून भिंगातून बघत राहा. सोंड टेकवून मिनिटभर झालं की उचलून निरोगी रोपावर ठेवा. दुसऱ्या गटाला रोगट पानावर पूर्ण दिवस बसू द्या, मगच हलवा. टोकावरच्या विषाणूत मिनिटभरवाले दिवसभरवाल्यांपेक्षा जास्त रोपं आजारी पाडतात. नवख्या मुलांना हे पटत नाही. त्यांना वाटतं जास्त प्याला म्हणजे जास्त वाहणार. उपासाचा हा परिणाम वॉटसनबाईंनी १९३०च्या दशकातच नोंदवला होता: उपाशी मावा पानाला लागताच पटापट टोचून चाखतो, आणि विषाणूला तेवढंच पुरतं.

पोटातल्या विषाणूंसाठी हीच मांडणी, फक्त एक गट वाढवायचा: विषाणू भरलेला मावा आणि रिकामा मावा, दोघांना वेगवेगळं विचारायचं. कारण इथे आवड बदलते. आयडाहो विद्यापीठातल्या लॉरा इंगवेल, सॅनफर्ड आयगनब्रोड आणि निल्सा बोस्के-पेरेझ यांनी २०१२ साली बार्ली यलो ड्वार्फवर हे दाखवलं. रिकामा मावा आजारी गव्हाकडे जात होता, विषाणू घेतलेला मावा निरोगी गव्हाकडे. त्यांनी माव्याला विषाणू झाडावरून न देता कृत्रिम खाद्यातून पाजला होता, म्हणजे 'आजारी झाड खाऊन कंटाळला असेल' ही पळवाटही बंद. रिकामे येतात, भरलेले जातात. मावा तोच, पोटात काय आहे यावर त्याचं मन पालटलं. टोमॅटोच्या यलो लीफ कर्लमध्ये पांढऱ्या माशीचंही असं वागणं नोंदलं गेलंय.

फुलकिड्यांची चाचणी घरी लावू नका, ते ब्रशला दाद देत नाहीत. पण त्यांची गोष्ट सांगायलाच हवी. टोमॅटोचा स्पॉटेड विल्ट विषाणू फुलकिड्याच्या अंगातही वाढतो. तो पिल्लाच्या अवस्थेतच घ्यावा लागतो, मोठेपणी प्यायला तर उपयोग नाही. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लागण झालेल्या नर फुलकिड्यांच्या टोचण्या मोजल्या. पेशीतलं काही न पिता नुसतं टोचून सोडायच्या टोचण्या निरोगी नरांच्या जवळपास तिप्पट. अशा टोचण्यात पेशी मरत नाही, आणि विषाणूला जिवंत पेशीच हवी असते. हे मोजतात कसं? कीटकाच्या पाठीवर चांदीच्या लेपाने केसाहून बारीक सोन्याची तार चिकटवतात, झाडाच्या मातीत दुसरी तार, आणि सोंड रुतली की वीजमंडळ पूर्ण होतं. पडद्यावर लाटा उमटतात. माव्याने एकेक पेशी भोसकली की रेघ काही सेकंद खाली पडते. मी तार चिकटवायला शिकले, पण माझ्या दहातले चार मावा लेपातच बुडायचे.

आता आकड्यांकडे. सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. तीस मावा म्हणजे तीस पुरावे नव्हेत. ते एकाच बशीत आहेत, एकमेकांचं बघून, एकमेकांना चिकटून बसतात. एक पानांची जोडी म्हणजे एक पुरावा. कमीत कमी दहा जोड्या लावा, प्रत्येकीत नवी रोपं, नवा मावा, आणि दर वेळी डावी-उजवी बाजू बदला. आमच्याकडे एकदा सहा जोड्यांचा सुंदर निकाल आला होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रोगट पान सहाही वेळा दाराच्या फटीच्या बाजूला होतं आणि मावा नुसता उजेडाकडे चालत होता.

दहापैकी नऊ जोड्या एकाच बाजूला झुकल्या, तर निव्वळ योगायोगाने तसं घडण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास, म्हणजे काहीतरी सापडलं म्हणायला हरकत नाही. आठच झुकल्या तर ती शंभरात अकराच्या घरात जाते. तेव्हा गप्प बसा आणि अजून जोड्या लावा. नऊ आणि आठात एवढा फरक असेल असं कुणाला वाटत नाही, पण नाणं दहादा उडवून हिशोब करून बघा.

निकाल आला की 'विषाणूने मावा वश केला' असं लगेच लिहू नका. आजारी झाडाचा वास, रंग, साखर, सगळंच बदलतं. त्यातलं किती विषाणूच्या फायद्यासाठी घडलेलं आणि किती आजाराचा नुसता पसारा, हे एका चाचणीने ठरत नाही. माझा कल म्हणाल तर काही ठिकाणी तो नुसता पसारा नाही. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या एका लीफ कर्ल विषाणूसोबत एक छोटा उपग्रह-रेणू, म्हणजे विषाणूच्या आधारानेच वाढणारा जनुकीय तुकडा, फिरतो, आणि त्याचं बीटा-सी-वन नावाचं एकच प्रथिन झाडाची माशीविरुद्धची तटबंदी ढिली करतं. झाडात हा बचाव चालवणारा एक मुख्य कळीचा रेणू आहे, त्यालाच ते जाऊन धरतं. इतकं नेमकं घडतं तेव्हा मला पसारा हा शब्द अपुरा वाटतो. दुसरीकडे २०१६ साली दिसलं की सीएमव्ही लागलेल्या टोमॅटोच्या वासाकडे भुंगामाश्याही ओढल्या जातात, आणि या विषाणूचा फैलाव तर माव्यावर चालतो. मग ते कशासाठी? यावर जेवणाच्या सुट्टीत आमची भांडणं व्हायची.

शेती करणाऱ्याने यातून एवढं घ्यावं. टोकावरच्या विषाणूवर कीटकनाशक सहसा उशिरा पोचतं, कारण मावा मरायच्या आधीच त्याचं टोचून झालेलं असतं, आणि काही औषधांनी तो बिथरून उलट जास्त झाडं फिरतो. तिथे खनिज तेलाची फवारणी, चमकत्या आच्छादनाने उतरणंच टाळणं, किंवा कडेला दुसरं पीक लावून सोंड तिथेच पुसून घेणं जास्त उपयोगी. पोटातल्या विषाणूत वेळ तुमच्या बाजूने असतो, त्यामुळे वाहकावरची फवारणी थोडी तरी कामी येते. आणि पांढरी माशी बसलेलं रोगट झाड उपटण्याआधी त्यावर पिशवी घाला, मग बुंधा हलवा. तसंच उपटलंत तर भरलेल्या माश्या उठून निरोगी झाडांकडे जातील.

चाचणी संपली की आवरायला तेवढाच वेळ ठेवा. रोपं मातीसकट पिशवीत बांधून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये, मग जाळून किंवा उकळून टाकायची, खतात नाही. जाळ्या साबणाच्या गरम पाण्यात, लाल दोऱ्याचा ब्रश वेगळा. शेवटी रिकाम्या पिंजऱ्यात एक निरोगी रोप ठेवून आठवडाभर रोज पानांच्या खालच्या बाजूला भिंग लावून बघा. एक जरी पिल्लू दिसलं, तर ते रोपही पिशवीत, आणि आवराआवर पहिल्यापासून.